टायपिंगची चूक

भीमाचार्यांची मला किळस येते आणि ती लपवायची माझी इच्छा नाही.

चामराजपेटेत आमच्या घराखालीच त्यांचं टायपिंगचं दुकान. तीस वर्षांत एक अक्षर चुकलं नाही, हे गिऱ्हाईक बसायच्या आत ते सांगून टाकत. वकिलांनी लिहून आणलेलं इंग्रजीसुद्धा ते सुधारत आणि वकील मुकाट्यानं ऐकून घेत. वडील गेल्यापासून आमच्या घरात त्यांचाच शब्द चाले. आम्ही बहिणी त्यांना मामा म्हणायचो.

१९९४ साली माझ्या धाकट्या बहिणीचा, रूपश्रीचा, लग्नासाठी बायोडेटा त्यांनीच टाइप केला. आवडी सांग म्हणाले, तर ही अर्धा तास बोलत राहिली. रामनवमीतल्या गाण्याच्या बैठकी, हिंदी सिनेमाची गाणी, कन्नड कादंबऱ्या, क्रिकेटची कॉमेंटरी, पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीत ती जिथे नोकरी करायची तिथली यंत्रं कशी चालतात ते बघत उभं राहणं. मामा खूश! एवढ्या सगळ्याला इंग्रजीत एकच शब्द आहे म्हणाले, आणि ठळक मोठ्या अक्षरांत टाइप केलं: कॅथलिक.

"सगळ्या प्रकारचं आवडणारी, असा अर्थ आहे गं. स्वल्प वजनदार शब्द आहे."

कागद चिकपेटेतल्या साड्यांच्या व्यापाऱ्याकडे, शामसुंदररावांकडे गेला. त्यांचा मुलगा अनिलकुमार लग्नाचा होता. चौथ्या दिवशी शामसुंदरराव तोच कागद घेऊन दारात उभे.

"मुलगी चर्चमध्ये जाते, हे आधी सांगायचं होतं."

आईला रडूच कोसळलं. मी मामांना हाक मारली. ते डिक्शनरी घेऊनच वर आले, पान काढून अर्थ वाचून दाखवला. तेव्हा मला त्यांचा केवढा अभिमान वाटला होता! शामसुंदररावांनी चष्मा लावून स्वतः वाचलं.

"सरी, ठीक आहे. म्हणजे ख्रिश्चन नाही," ते म्हणाले. "पण बाईमाणसाला इतक्या आवडी कशाला? आज गाणं, उद्या क्रिकेट. अशी मुलगी आमच्या घरात टिकायची नाही."

आई हात जोडून मामांकडे बघत होती. रूपश्रीही त्यांच्याकडेच बघत होती. त्या शब्दासाठी भांडेल असं खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

मामांनी डिक्शनरी मिटली.

"अण्णा, टायपिंगची चूक झाली," ते म्हणाले. "कुकिंग लिहायचं होतं. दोन्हीचं पहिलं अक्षर एकच."

शी! तीस वर्षांत कबूल केलेली एकुलती एक चूक, आणि तीही न केलेली. शामसुंदरराव खदखदून हसले आणि चिवडा मागून घेऊन खाल्ला. खाली टाइपरायटर खडखडला, पाच मिनिटांत नवा कागद आला. आई मामांच्या पाया पडली. मी तोंड उघडलं नाही, बशा भरत राहिले. त्या दिवसाची आठवण झाली की मला स्वतःचीही शिसारी येते.

लग्न झालं. मामा पंगतीत 'मी जमवलं' म्हणून सांगत फिरले.

गेल्या महिन्यात रूपश्री चार दिवस माहेरी आली. मी तिच्यासाठी रेडिओ काढून पुसून ठेवला होता. काय लावू म्हणून विचारलं.

"काहीही लाव, अक्का," ती भाजी निवडत म्हणाली. "मला सगळंच चालतं."