एकच नंगारा, दोन निरोप

फोन शंकरच्या भावाचा होता. "दादा, शंकरभाऊले मारून टाकलं... आपल्याच तांड्यातल्या लोकायनं." महिना होत आला, अजून माझं डोकं ठिकाणावर नाही.

शंकर राठोड आणि मी यवतमाळच्या एकाच कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो, पण शरीराचं रक्षण करणाऱ्या मदतनीस टी-पेशींचा धडा त्याचाच. ही पेशी सुरुवातीला कोरी असते, बाहेरून रेणू येऊन टेकतो, आत एक प्रथिन दुसऱ्याला उठवतं, निरोप केंद्रकात पोचतो आणि ती काय होणार ते ठरतं, हे तो रंगून सांगायचा. एकच रेणू एकटा आला तर भडका शमवणारी पेशी घडते. सोबत धोक्याचा रेणू आला की तीच कोरी पेशी भडका उडवणारी होते. "अन् धोका खोटा असला त?" मी चिडवायचो. "मंग आपलंच आंग आपल्याले खाते, बाप्पा!"

त्या रविवारी तो उमरखेडकडच्या आपल्या बंजारा तांड्यात होता. चादरी विकणारा एक परका माणूस आला आणि मोबाइलवर फिरणाऱ्या अफवेनं त्याला पोरं पळवणारा ठरवलं. कुणीतरी नंगारा बडवला. तांड्यात नंगारा वाजला की कारण न विचारता धावायचं, ही पिढ्यांची रीत. धावले! बैलगाडीच्या कडेचे लाकडी दांडे, उभाऱ्या, उपसून त्या चादरवाल्याचा जबडा फोडला, दात मातीत सांडले, पडल्यावरही लाथा घालत राहिले. शंकर ओरडून दमला. मग त्यानं टिपऱ्या हिसकावल्या आणि त्याच नंगाऱ्यावर होळीच्या नाचाचा ठेका धरला... हात थबकले. बायांनी त्या माणसाला ओढत घरात नेलं. एक उभारी तेवढी थांबली नाही. ती शंकरच्या डोक्यात बसली. मारणारा त्याचाच विद्यार्थी. त्या हरामखोराला मी कधीच माफ करणार नाही.

परवा तांड्यात गेलो, तर शंकरच्या आईसमोर तो चादरवाला बसलेला. खरं सांगतो, मला त्याचाच राग आला. हा जगला आणि माझा शंकर गेला! तो रडत उठायला लागला, तशी म्हातारीनं त्याला खांदा धरून खाली बसवलं. "बस. माह्या पोराच्या जिवावर वाचला तू, उपाशी कायले जातं?"

तिनं शंकरचं ताट काढलं. चादरवाल्याला फुटक्या जबड्यानं चावता येत नव्हतं. तिनं भाकर वरणात कुस्करली, अगदी मऊ केली, आणि पहिला घास स्वतःच्या हातानं भरवला.