दाराआडचा अंगठा

आशाबाईला मी पहिल्यांदा पाहिली ती बेगमपुऱ्यात, आमच्या शेजारच्या दोन खोल्यांपुढं मावशीचं अंथरूण उन्हात टाकताना. नवऱ्यानं टाकलेली बाई. अजिंठ्याहून मावशीकडं आली ती तिथंच राहिली. मावशी म्हणजे मनकर्णाबाई, मूलबाळ नसलेली विधवा, अर्ध्या अंगानं लुळी. तिचं हगणं-मुतणं सगळं आशाबाईनं काढलं, आणि तोंड वाकडं न करता काढलं, हे मी शपथेवर सांगेन. पण मला कोर्टात कुणी विचारलंच नाही.

मनकर्णाबाईनं त्या दोन खोल्या मृत्युपत्रानं भाचीला दिल्या. ती गेली, तेरावं उरकलं आणि देवगाव रंगारीहून तिचे धाकटे दीर काकासाहेब उगवले. "माझ्या भावाचं घर हाय. भाचीचा काय संबंध?" आयुष्यात भावजयीला औषधाची पुडी आणली नव्हती या गृहस्थानं! वकील म्हणाले, आता मृत्युपत्र कोर्टातून शाबीत करून घ्यावं लागेल. प्रोबेट म्हणतात त्याला. खोल्या गेल्या तर आशाबाईला जगात दुसरा थारा नव्हता.

मृत्युपत्राला साक्षीदार दोन. ज्यानं कागद लिहिला तो कंपाउंडर बन्सी तोवर वारला होता. उरले तात्यासाहेब, मनकर्णाबाईच्या नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ. सरळ माणूस, आणि आशाबाईच्या बाजूचा. आम्ही अगदी निर्धास्त होतो.

तात्यासाहेब नवा फेटा बांधून पिंजऱ्यात उभे राहिले. काकासाहेबांच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, "बाईंनी अंगठा उठवला तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"ओसरीवर."

"आणि बाई?"

"आत. दाराआड."

"मग अंगठा उठवताना तुम्ही पाहिलं?"

तात्यासाहेब भडकले. "म्या कसा बघीन? धाकटी भावजय हाय ती माझी! आमच्या घराण्यात बाया भायाच्या, थोरल्या दिराच्या, म्होरं येत नायत. बन्सीनं कागद आतून आणून दिला, म्या सही केली."

"हा अंगठा माझाच, असं तरी बाई तुम्हाला म्हणाल्या?"

"लगीन होऊन आली तवापासून माझ्याशी एक शबुद बोलली नाय. लई मर्यादेची बाई!"

आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. कायदा असा की साक्षीदारानं अंगठा उठताना पाहावा, नाहीतर करणाऱ्याच्या तोंडून तरी ऐकावं. बाहेर आल्यावर तात्यासाहेब खुशीत म्हणाले, "घराण्याची अब्रू राखली बघ, पोरी. आता घर तुझंच." आशाबाई त्यांच्या पाया पडली.

मग तिनं वकिलांना गाठलं. "जजसाहेबाला सांगा ना, तिला न्हाऊ-खाऊ कोण घालत व्हतं."

"या कोर्टाला मृत्युपत्र कायद्यानं झालं की नाही, एवढंच बघता येतं," ते म्हणाले. "घर कुणाला मिळायला हवं होतं, हे इथं विचारतच नाहीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग विचारतात तरी कुठं?

निकाल लागला. मृत्युपत्र नामंजूर झालं, घर नवऱ्याच्या वारसाकडं गेलं आणि काकासाहेबांनी कुलूप ठोकलं. आशाबाई गुलमंडीवर एका कापडवाल्या शेठाच्या घरी स्वयंपाकाला राहिली. जिन्याखाली निजायची. मी तिथं तिला भेटायला गेले, तर तात्यासाहेब आधीच येऊन पायरीवर बसले होते. फार थकलेले वाटले.

"कोर्टानं माझं ऐकलं नाय व्हय, पोरी?"

"ऐकलं, तात्या," ती म्हणाली. "तुमचंच तेवढं ऐकलं."

"मग घर का गेलं?"

त्या म्हाताऱ्याला खरं सांगायची माझीही हिंमत झाली नाही, आणि ती तर सांगणारच नव्हती. आतून शेठाणीनं हाक मारली, तशी ती उठून कणीक मळायला गेली.