माळी नंबर सात

वसंतमामांच्या दशक्रियेला कुकडीच्या घाटावर जो फ्लेक्स लागला होता, त्यावर मामा नव्हते. चूक माझी. निळं आभाळ, कोपऱ्यात दोन पांढरी कबुतरं, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली मामांचं पूर्ण नाव, आणि मधोमध इंग्रजांच्या काळातला एक अनोळखी माणूस. डोक्याला पागोटं, छातीशी धरलेला वाकडा चाकू. लोक येत होते, चपला काढून हात जोडत होते. एकानं डोळे पुसले आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “आजारपणात लई बदलले व्हते मामा.” मी मान हलवली. फ्लेक्सकडे मी पाहिलंच नव्हतं. आमटी पुरेल का, या काळजीत मी घाटावर उगाच येरझाऱ्या घालत होतो. कावळा मात्र पहिल्या झटक्यात शिवला. त्यामुळे मामांची कसलीच इच्छा मागे राहिली नाही, असा सगळ्यांचा समज झाला. सगळ्यांचा, म्हणजे मी सोडून.

त्याचं असं झालं. मामा हे माझ्या बायकोचे, सुनंदाचे मामा. तिची आई लवकर गेली, तेव्हा मामा-मामींनीच तिला वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं, मामीही आधीच गेलेल्या. तेव्हा मामा गेल्यावर सगळं सुनंदानं अंगावर घेतलं आणि माझ्याकडे एकच काम दिलं. “फोटो तेवढा तुम्ही द्या,” ती म्हणाली. तेवढा… जुन्नरच्या पेठेत ज्या माणसानं जन्मभर स्टुडिओ चालवला, अर्ध्या तालुक्याची लग्नं आणि बाकीच्या अर्ध्याचे पासपोर्ट साइज फोटो काढले, त्याचा स्वतःचा फोटो घरात एक नाही. शेवटी त्यांच्या कॉम्प्युटरवर दोन फाइली सापडल्या. एकीचं नाव ‘सात’, दुसरीचं ‘सात मी’. दुसरीत मामा होते. मी पहिली पाठवली. फ्लेक्सवाल्याचा फोन आला, “सर, मामा पागोट्यात लई भारी दिसत्यात.” मी म्हणालो, “हो, हौशीच होते.” मी नारायणगावच्या शाळेत भूगोल शिकवतो, आणि खोडदच्या त्या अवाढव्य दुर्बिणी समोर असूनही खोडदचा रस्ता चुकलेला माणूस म्हणून स्टाफरूममध्ये माझी ख्याती आहे. दोन फाइलींत मी चुकलो, यात कुणाला नवल वाटू नये.

पण हा ‘सात’ कोण, ते सांगायला हवं, कारण मामांची शेवटची वीसेक वर्षं त्याच्यामागे गेली.

जुन्नरच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला इंग्रजांच्या वेळी साहेबाची एक बाग होती. औषधी झाडांची. बागेभोवती वस्ती: साहेबाचा बंगला, कारकुनांची घरं, माळ्यांच्या खोल्या, घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दारांची पागा. आसपासचे लोक तिला कंपू म्हणायचे. आता तिथे काही नाही. ऊस आहे आणि एक पंपहाउस. तर एके दुपारी एक भंगारवाला मामांच्या स्टुडिओत जाड काचांची पेटी घेऊन आला. फोटोच्या चौकटींना काच लागते म्हणून. “सायेब, जरा डाग हायेत. घासल्या की लख्ख व्हत्यात,” असं म्हणून त्यानं घासून लख्ख केलेल्या तीन काचा नमुन्याला पुढे केल्या. मामांनी चौथी उचलून उजेडाकडे धरली. डाग नव्हता तो. बाई होती. काळ्या चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची, निगेटिव्हमध्ये असतं तसं सगळं उलटं. पण नाकात नथ आणि कडेवर पोर.

एकूण सव्वीस काचा. तीन भंगारवाल्याच्या मेहनतीला बळी पडलेल्या, तेवीस शाबूत. कंपूत राहणाऱ्या माणसांचे, एकेकाला खुर्चीवर बसवून काढलेले फोटो. प्रत्येक शाबूत काचेला कागदाचं पाकीट आणि त्यावर साहेबाच्या वळणदार इंग्रजी अक्षरात मोजकेच शब्द. ते वाचायला मामांनी मला बोलावलं, कारण मास्तर म्हणजे इंग्रजी येणारच, अशी त्यांची एक जुनी अंधश्रद्धा होती. मी वाचत गेलो. डोंगरी बाई. मोतद्दार. माळी नंबर चार. माळी नंबर सात. मग एक फोटो कुत्र्याचा निघाला. त्याच्या पाकिटावर नाव होतं, टॉबी. मामांनी मला ते दोनदा वाचायला लावलं.

“म्हंजे कुत्र्याला नाव हाय,” ते म्हणाले, “आन माणसांना नंबर.”

एवढंच. रागावले नाहीत, भाषण दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली, सुतळीनं तिला पेन्सिल बांधली, पहिल्या पानावर पाकिटांवरच्या बावीस ओळखी उतरवल्या आणि पुढची जागा मोकळी सोडली. कुत्रा वगळला. त्याचं काम साहेबानं केलेलंच होतं.

मुळात मामांना नावाचं वेडच होतं. स्टुडिओत पासपोर्ट साइजला आलेल्या माणसालाही ते आधी नाव विचारायचे. नाव, बापाचं नाव, गाव. “नाव सांगा, मग हसा,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फोटोच्या मागे पेन्सिलीनं ते लिहिल्याशिवाय फोटो हातात द्यायचे नाहीत. मी लग्नाआधी सुनंदाला बघायला गेलो, तेव्हा मला वाटलं चहापाणी होईल. मामांनी आधी माझा फोटो काढला आणि मागे माझं नाव लिहिताना म्हणाले, “लगीन जमो न जमो, माणूस आला व्हता एवढं तरी ऱ्हाईल.” तो फोटो अजून आहे. त्यात मी हसतोय, पण उशिरा. नाव सांगताना अडखळलो होतो.

काचांवरून मामांनी फोटो बनवले आणि लुनाला पिशवी लावून गावोगाव हिंडायला लागले. कुठे यात्रा असो, लग्न असो, सावलीत चादर पसरून फोटो मांडायचे आणि म्हाताऱ्या माणसांना हाका मारायचे. सुरुवातीला लोकांना वाटायचं, विकायला बसलाय. मग एखादी आजी चष्मा वर करून म्हणायची, “अगं बया, ही तर आमची थोरली चुलती.” कुणी नथ ओळखली, कुणी कपाळावरचं गोंदण, कुणी एकाच घराण्यात चालत आलेले पुढे आलेले दात. पाटलांनी ओळखायचं नाकारलेल्या एका मोतद्दाराला बौद्धवाड्यातल्या एका निवृत्त पोस्टमननं ओळखलं, त्याचे पणजोबा. तो पोस्टमन फोटोपुढे मांडी घालून बसला आणि मामांना म्हणाला, “लिहा. पूर्ण लिहा, गाळू नका काही.” अशी वर्षं गेली आणि वहीतली एकवीस नावं भरली. राहिला माळी नंबर सात.

सात सगळ्यांत रागीट दिसायचा. डोळे ताणलेले, जबडा आवळलेला, हातात चाकू. मी एकदा म्हणालोही, हा कुणाचा तरी खून करून आलेला वाटतो. मामांना ते लागलं. आठवड्याभरानं त्यांनी स्टुडिओत बोलावलं. बघतो तर स्वतः पागोटं बांधून, चष्मा काढून, त्याच पोझमध्ये खुर्चीवर बसलेले. मानेमागे त्यांनी लोखंडी सळईचा एक चिमटा बनवून घेतला होता. जुन्या काळी फोटोला वेळ लागायचा, माणूस हलू नये म्हणून मान अशी अडकवून ठेवत. “दाबा बटन,” म्हणाले. मी दाबलं. तोच तो ‘सात मी’. फोटो बघितला तर मामांचेही डोळे तसेच ताणलेले, जबडा तसाच.

“बघा पावणं,” मान चोळत ते म्हणाले. “रागीट न्हाई. ताटकळलाय त्यो.”

आता माझी खरी चूक. फ्लेक्सची नव्हे, तिच्या आधीची. मागच्या वर्षी शाळेच्या कामानं मला घोडेगावला जायचं होतं. मामांचे गुडघे तोवर गेले होते. ते म्हणाले, “तिथनं डिंभे लांब न्हाई. डिंभ्याच्या वर एक वाडी हाय. गाव धरणात गेलं तवा माणसं वर येऊन ऱ्हायल्यात. तिथं मी कधी गेलो न्हाई. तेवढा साताचा फोटो दाखवून या.” मी डिंभ्याला पोचलो. वरच्या वाडीची एसटी कधी येईल विचारलं, तर एकानं सांगितलं, “येईल आली तर.” समोर टपरीत घोड नदीतले ताजे मासे तळत होते. मी बसलो. भाकरी, मासा, कांदा… आणि एसटी आली. माझे दोन्ही हात माशात. हात धुवेपर्यंत ती गेली. पुढची कधी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी आणखी एक मासा मागवला आणि परतीच्या जीपमध्ये बसलो.

मामा स्टुडिओच्या पायरीवर वही घेऊन बसले होते. “कुणी वळखलं?”

“नाही मामा. सगळ्यांना विचारलं.”

त्यांनी पेन्सिल घेऊन, एकेक अक्षर कोरत लिहिलं: डिंभ्याच्या वरची वाडी, नाही. “लई तरास झाला तुमाला,” म्हणाले आणि माझ्यासाठी चहा सांगितला. मी तो प्यायलोही. पुन्हा एकदा जाऊन येऊ, असं मी मनाशी म्हणत राहिलो. दिवाळीनंतर, परीक्षेनंतर… आणि मामा गेले. झोपेत, कुणाला काही त्रास न देता. उशाशी वही होती. सातासमोरची जागा मोकळी.

तर घाटावर. विधी उरकले, माणसं जेवायला उठत होती. फ्लेक्ससमोर एक म्हातारी उभी होती. सगळ्यांनी हात जोडले होते, ही कमरेवर हात ठेवून बघत होती.

“पावणं, ह्यो कोण?”

“आमचे मामा,” मी म्हणालो.

“तुमचे मामा मला ठावं हाईत. माझ्या मालकांचा फोटू त्यांनीच काढला व्हता. ह्यो त्यो न्हाई.” मग तिनं बोटानं फ्लेक्सवरचा चाकू दाखवला. “ह्यो आमचा आजा हाय.”

मी वर पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या फ्लेक्सकडे नीट पाहिलं. तो सात होता. तेवढ्यात मागून सुनंदा आली. “अहो, हे काय लावलंय…” एवढं म्हणून ती थांबली, कारण म्हातारी बोलतच होती. नाव भिमाबाई. आजाला तिनं पाहिलेलं नव्हतं, पण चाकू रोजचा पाहण्यातला. तिच्या देव्हाऱ्यात होता. कलमं बांधायचा चाकू, मुठीला पितळी तार गुंडाळलेली, टोक मोडलेलं. “आजाच्या हातनं पडला, सायेबाच्या पायाशी. पाय वाचला, टोक गेलं. माझा बा सांगायचा. दर खंडेनवमीला पुजतो आमी त्याला. आन तोंड बघा की, माझ्या थोरल्या भावाचं तोंड हाय.”

“नाव काय त्यांचं?” सुनंदानं विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

“देवजी. देवजी चिमाजी. आन माळी न्हाई बरं का, आमी डोंगरातले कोळी. बागंत कामाला व्हता एवढंच.”

“आजी, गाव कुठलं तुमचं?”

“डिंभ्याच्या वरची वाडी.”

वहीतलं प्रत्येक पान सुनंदाला पाठ होतं. तिनं म्हातारीला फार हळू विचारलं, “मागच्या वर्षी तुमच्याकडे कुणी हा फोटो घेऊन आलं नव्हतं?”

“न्हाई बाई. आमच्याकडं कोण येतंय.”

सुनंदानं माझ्याकडे बघितलं. मी नदीकडे बघितलं. ती काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. आमच्या घरात ती बोलत नाही तेव्हा भांडीसुद्धा आवाज करत नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं वाडीवर गेलो. डिंभ्याला एसटीसाठी अडीच तास उभे राहिलो. टपरीतून माशांचा वास येत होता. मी तिकडे पाठ करून उभा. भिमाबाईंनी चाकू देव्हाऱ्यातून काढून सुनंदाच्या हातावर ठेवला. हळदकुंकवानं मूठ लाल झालेली. सुनंदानं मामांचं भिंग काढलं, फोटो शेजारी धरला. तारेचे वेढे सात. फोटोतही सात. मोडलेल्या टोकाचा कोन तोच. भिमाबाईंनी फ्लेक्स मागितला होता, तोही आम्ही नेला होता. त्यांच्या नातवानं मामांच्या नावाची पट्टी मागे दुमडून तो भिंतीला लावला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ तशीच ठेवली, कबुतरंही. “ह्याची दशक्रिया कुणी धड केली न्हवती,” भिमाबाई म्हणाल्या, “तुमच्या मामांनी आपली देऊ केली.” मग सुनंदानं मोबाइल काढला, त्यांना चाकू हातात घ्यायला लावला आणि म्हणाली, “नाव सांगा, मग हसा.”

परत येताना आम्ही स्टुडिओ उघडला. खुर्ची तिथेच, मानेमागचा चिमटा तसाच. टेबलावर काचांची पेटी. तिच्यात घासून कोऱ्या झालेल्या त्या तीन काचाही मामांनी कागदात गुंडाळून ठेवलेल्या. कागदांवर लिहिलंय, ‘हिच्यात कोणीतरी होतं.’ सुनंदा खुर्चीवर बसली नाही. उभ्यानंच वही उघडली, सुतळीची पेन्सिल घेतली आणि सातासमोर मामांसारखंच एकेक अक्षर कोरत लिहिलं: देवजी चिमाजी, डिंभ्याच्या वरची वाडी. मग ती पानं उलटत मागे गेली आणि मामांच्या अक्षरातल्या त्या ‘नाही’वर येऊन थांबली. मी मुकाट्यानं ड्रॉवरमधून खोडरबर काढला.

“खोडू नका ते,” ती म्हणाली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. “त्याच्यापुढे तुमचं नाव लिहा. मामांनी कुणालाच बिननावाचं ठेवलं नव्हतं.”