बाळंतीण वेली

"मागं ठेवून आले, शेट."

डोक्यावरचा भारा दुकानाच्या पायरीवर टेकवला की तिचं पहिलं वाक्य हेच. मी विचारायचो, "मावशी, आज एवढीच गुळवेल?" त्यावर हे उत्तर ठरलेलं. आणि गुळवेलीचंच नाही हो! चहा दिला तर कपाच्या तळाशी घोटभर राहायचा. भजी दिली तर एक कागदातच. मी चिडायचो, "अगं, भज्याला काय पालवी फुटणार आहे?" ती तोंडाला पदर लावून हसायची आणि भजं तसंच राहायचं.

दादरला फुलबाजाराच्या मागच्या गल्लीत माझं काष्ठौषधींचं दुकान आहे. सकाळी त्या बाजूने गेला असाल तर तुम्हीही तिला पाहिलं असेल. ठेंगणी, काटक, आणि भारा एवढा की खाली बाई आहे हे जवळ गेल्यावरच कळावं. कर्जतकडच्या डोंगरात तिचा पाडा. तिथल्या बायका गुळवेल, अडुळसा, निर्गुडी तोडायच्या आणि ही मुंबईत आणून विकायची. पाड्यावरच्या चुली त्यावर पेटायच्या. हे नसतं तर सगळ्या जणी वीटभट्टीवर गेल्या असत्या आणि पोरांच्या शाळा सुटल्या असत्या.

गोड बोलणं तिला जमायचं नाही. एखादं गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, साखरेवर चालेल का हे?" की ही फटकन म्हणायची, "डॉक्टरला इचारा. मी पाला आणते." माझं गिऱ्हाईक तोडते म्हणून मी कपाळाला हात लावायचो.

एकदा हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन ती पिशवी भरून कातरण घेऊन आली. ब्लाउज शिवणाऱ्यांकडून मागून आणलेली. लाल, पोपटी, जरीची.

"गोधडी शिवतेस की काय?"

"नाय ओ. बाळंतिणींना बांधायला."

मग तिने समजावलं. ज्या वेलीची तोड झाली, ती वर्षभर बाळंतीण. तिला विसावा द्यायचा. झाडाला चिंधी बांधली की पाड्यावरची कुठलीही बाई त्या वेलीला हात लावत नाही. "आपण नाय का सव्वा महिना बसत?" तिने मलाच विचारलं, जसा काही मीही दोन-चार वेळा बसलो होतो.

मग साथीचं वर्ष आलं आणि अख्ख्या मुंबईला गुळवेल हवी झाली. काढा घेतला नाही असं घर सापडेना. एक व्यापारी टेम्पो घेऊन थेट पाड्यावर पोचला. सगळा डोंगर एकदम तोडून द्या म्हणाला. ही अडून बसली. बायकाही तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. तेव्हा त्याने स्वतःची माणसं आणली.

त्या माणसांना जंगलातलं काही कळत नव्हतं. त्यांना झाडांवर रंगीत चिंध्या दिसल्या. त्यांना वाटलं, बायकांनी चांगल्या वेलींना खुणा करून ठेवल्या आहेत. शोधायचे कष्टच वाचले! चिंधी दिसेल तिथली वेल त्यांनी मुळासकट ओढून काढली, जाताजाता उरलेल्याही ओरबाडल्या.

ती रिकाम्या डोक्याने आली आणि पायरीवर बसली. "मीच दाखवून दिल्या, शेट. कातरण पण निवडून आणलेली, लांबून दिसंल अशी." आणि ती रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्या माणसाचा असा संताप आला मला, पण तो काय कामाचा? मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो.

तिने डोळे पुसले. "आमची गुळवेल हाय का शिल्लक?"

मागच्या खोलीत तिचा आधीचा भारा होता, अजून वाळत न टाकलेला. बाहेर आणून बघतो तर काही कांड्यांना कोंब आले होते. ना माती, ना पाणी, तरी!

"ही परत द्याल?"

"अगं, विचारतेस काय? घे!"

नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक आलं, गुळवेलच हवी होती. मी म्हटलं, संपली. "ही काय समोर आहे!" "ती विकायची नाही," मी म्हणालो. तो बडबडत गेला. जाईना का.

जित्या कांड्या आम्ही दोघांनी निवडल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. फुलांचे भारे स्टेशनकडून बाजारात येत होते. हिचा तेवढा स्टेशनकडे निघाला.

त्यानंतर ती आली नाही. तिची सून येते, अडुळसा आणि निर्गुडी घेऊन. कांड्या रुजल्या म्हणते, पण वेल बोटाएवढी जाड होईपर्यंत कोयता लावायचा नाही असं बायकांनी ठरवलंय. तोवर ओढाताण आहेच. दोघी-तिघी भट्टीवर गेल्यासुद्धा. मला फार वाईट वाटतं.

परवा मी स्वतः हिंदमाताला जाऊन कातरण आणली आणि सुनेच्या हातात पिशवी दिली. तिने ती हळूच परत सरकवली.

"नको, शेट. चिंध्या नाय बांधत आता."

"मग कुठल्या वेलीला हात लावायचा नाही, ते कळतं कसं?"

"आत्या बसते ना तिथं." सासूला ती आत्या म्हणते. "सकाळी भाकरी घेऊन जाते, दिवस मावळला की येते. कोण येताना दिसलं की उठून उभी राहते."