फावडेबाईंनी सही केली नाही

"आली फावडेबाई," मुकादम तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला आणि फाटक अर्धंच उघडून बाजूला झाला.

हे नाव तिला खाणवाल्यांनी ठेवलेलं. खडी उपसून झाली की खड्डा भरायचा, कडा उतरत्या करायच्या, वर हातभर चांगली माती टाकून गवत लावायचं, असा नियम. तो पाळलाय की नाही हे पाहणं तिचं काम. बाकीचे तपासनीस गाडीतूनच नजर टाकून निघत. सुरुवातीला तीही तेच करायची. मग तिनं सही केलेला एक उतार पावसात घसरला आणि एका म्हातारीच्या न्हाणीघरात छातीइतका चिखल शिरला. म्हातारी तेव्हा बाजारात होती, एवढंच नशीब. तेव्हापासून ती फावड्याशिवाय खाणीत उतरली नाही.

या खाणीच्या कुंपणापलीकडे, चाळीस पावलांवर घरांची रांग होती. तिसरं घर तिच्या थोरल्या नणंदेचं. खाणीच्या धुळीमुळे सहा वर्षं तिथल्या बायकांनी कपडे घरातच वाळवले होते. "खाणवाल्यांचीच माणूस तू," असं सुनावून नणंदेनं दोन वर्षांपूर्वी बोलणं टाकलं होतं.

"बघा मॅडम, गालिचा अंथरलाय," खाणीचा मॅनेजर म्हणाला. उतारावर गवत खरोखर हिरवंगार होतं.

तिनं फावडं मारलं. वीतभर माती निघाली आणि खण्‌कन आवाज आला. खाली विटांचे तुकडे, मोडकी फरशी, एक टायर. दहा पावलं पुढे दुसरा खड्डा घेतला, तिथेही राडारोडाच.

"वरून कीर्तन, आतून तमाशा," ती म्हणाली. "सगळं उकरा. मी सही करणार नाही."

मॅनेजर तिच्याशी वादात पडला नाही. कुंपणाकडे जाऊन तिथे जमलेल्या लोकांना त्यानं मोठ्यानं सांगितलं, "आमचं काम संपलं होतं. आता बाईंच्या हट्टापायी आणखी आठ महिने डंपर येणार!"

झालं, लोक तिच्यावरच उसळले. नणंद सगळ्यांत पुढे.

"सही कर आणि चालती हो!"

"वन्सं, हा उतार तुमच्याच घरावर येईल."

"येईल तेव्हा येईल! धूळ आज येतेय. यांचा खोकला तू काढणार आहेस का?"

कुणीतरी फेकलेलं ढेकूळ तिच्या खांद्यावर फुटलं. ते न झटकताच तिनं तिसरा खड्डा घेतला, मोजमाप लिहिलं आणि नकाराच्या कागदाची प्रत मुकादमाच्या हातात ठेवली.

संध्याकाळी नवऱ्यानं तोंड उघडलं ते भांडायलाच. "ताईचा फोन आला होता. केली असतीस सही, तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"आभाळ नाही, उतार कोसळला असता."

तो ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेला.

डंपर पुन्हा सुरू झाले. दर पंधरवड्याला ती जायची. दोनदा तिच्या गाडीची हवा सोडलेली सापडली. एकदा एका घरातल्या बाईनं दारातूनच बादलीभर घाण पाणी तिच्या पायांशी ओतलं. नणंदेच्या नवऱ्याचा खोकला ऐकू यायचा. तो ऐकला की ती मान खाली घालून आणखी खोल खणायची. नवव्या महिन्यात तिनं चाळीस खड्डे घेतले. चाळीसही ठिकाणी हातभर माती लागली, तेव्हा तिनं सही केली.

पुढच्या वर्षी सलग पाच दिवस पाऊस कोसळला. उतार जागचा हलला नाही. काहीच घडलं नाही, म्हणून कुणाला काही आठवलंही नाही.

पुतण्याच्या साखरपुड्यात दोघी समोरासमोर आल्या. नणंद म्हणाली, "त्या आठ महिन्यांत यांची छाती कायमची गेली. मी विसरणार नाही."

"विसरू नका, वन्सं," ती म्हणाली. "मीही विसरलेली नाही. पण आज पुन्हा तीच वेळ आली, तरी मी सही करणार नाही."

नणंद पाठ फिरवून निघून गेली. ती तिथेच, भिंतीकडेच्या खुर्चीवर, एकटी बसून जेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या एका खाणीवर जायचं होतं.