पेरूसाठी पातळ पात्याचा चाकू

पातळ पात्याचा चाकू हा शेवटी विश्वासाचा विषय आहे. जाड पातं फळ फोडतं. पातळ पातं त्याला न दुखवता आरपार जातं. माणसांच्या नात्यांचंही असंच काहीसं असतं, असं मला गेल्या वर्षापर्यंत वाटत होतं. आमच्या घरात हा विषय प्रत्यक्षात पेरूचा होता.

पेरू लागायचा आबांना. आबा म्हणजे आमचे वडील. आई गेल्यापासून ते एक महिना लातूरला माझ्याकडे आणि एक महिना नांदेडला थोरल्या भावाकडे राहायचे. महिना भरला की पिशवी, काठी आणि औषधांचा डबा बसमध्ये चढायचा, मागून आबा. वाटण्या झाल्यावर गावाकडे बैलजोडी भावाभावांत अशीच फिरते, असं आबाच एकदा म्हणाले होते. त्यात तक्रार नव्हती. बैलांबद्दल त्यांना आदर होता.

गेल्या पावसाळ्यात भावाने फोनवर जाहीर केलं की या वयात ही ये-जा आता थांबली पाहिजे, आबांनी दिवाळीला कायमचं एक घर निवडावं. भाऊ मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला. त्याने जेवायला बोलावलं तरी ठराव मांडल्यासारखं वाटतं. त्याच्याकडे लिफ्ट आहे, सत्कारात मिळालेल्या शालींचं काचेचं कपाट आहे आणि गॅलरीतून गोदावरी दिसते. माझ्याकडे कॉलेजातली नोकरी, वाचलेली पुस्तकं, न वाचलेली पुस्तकं आणि मनात येईल तेव्हा येणारं नळाचं पाणी. तरीही आबांनी लातूर निवडावं असं मला फार वाटत होतं. मी त्यांचा धाकटा. लहानपणी माझ्या वाट्याला ते कमीच आले होते.

माझ्या बाजूने एकच गोष्ट होती. आबांना कवळी बसवली होती, पण ती टोचायची म्हणून ते ती स्टीलच्या डबीत ठेवायचे आणि हिरड्यांनी खायचे. पेरूवर त्यांचा जीव, आणि तो सकाळी बागेतल्या कट्ट्यावर, तिखटमीठ लावून, त्यांच्या वयाच्या मंडळींत बसूनच खायचा. घरी मी सुरीने काप करून द्यायचो. बागेत सुरी न्यायला बायकोची परवानगी नव्हती. "तिकडंच विसरून याल," ती म्हणाली. म्हणून मिटणारा, खिशात मावणारा चाकू.

आमच्यासारखी माणसं वस्तू घेण्याआधी तिच्याबद्दल वाचतात. मला कळलं की नुसत्या धारेला अर्थ नाही, पात्याची जाडी बघावी. धारदार पण जाड पातं पाचरीसारखं शिरतं आणि फळ दुभंगतं. भावाकडे तसाच एक लाल मुठीचा चाकू होता, कुठल्याशा समारंभात मिळालेला. त्यात कात्री, करवत, स्क्रू पिळायची सोय आणि दात कोरायची काडीही होती. त्याने कापलेला पेरू दगडाने फोडल्यासारखा दिसायचा. मनातून मला ते आवडायचं.

लातूरच्या बाजारात, गंजगोलाईतल्या पहिल्या दुकानदाराने काळाकुट्ट, दातेरी पात्याचा, मुठीत होकायंत्र बसवलेला चाकू समोर ठेवला.

"सर, आर्मीवाले हाच वापरतात. जंगलात अडकलाव तर लई कामाचा."

"मला बागेत पेरू कापायचाय."

"मग तर काय, झाडच तोडा की!"

औशाला कामासाठी गेलो तेव्हा बियाणांच्या दुकानात कलमं करायचा चाकू बघितला. पातं सुंदर, पण त्याला धार एकाच अंगाने असते. फांदीला ते बरं, पेरूचा काप मात्र तिरका जात जातो. शेवटी लातुरातच, कुलुपं-बिजागऱ्यांच्या एका दुकानात, खिशातला पेरू काढून काउंटरवर ठेवला आणि सांगितलं, मिटणारे जेवढे असतील तेवढे दाखवा.

"चाकू बघून राहिलाव का डबा खायला बसलाव?" दुकानदार म्हणाला. पण त्याने ट्रे काढला. साधी लाकडी मूठ, बोटाएवढं लांब आणि पोस्टकार्डापेक्षा थोडंच जाड पातं, उघडल्यावर अडकून राहणारी कळ. पेरूतून ते आवाज न करता गेलं. काप उजेडासमोर धरला तर पलीकडचा पंखा अंधुक दिसला. उरलेला पेरू दुकानदाराने खाल्ला.

त्यानंतरच्या सकाळी चांगल्या गेल्या. मी कट्ट्यावर बसून काप करायचो, आबा एकेक जिभेवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. "कागदावानी करतंय बघा," ते शेजारच्या म्हाताऱ्यांना सांगायचे. कधीतरी त्यांना चाकू हातात घेऊन बघावासा वाटायचा. मी पुढे केला की ते हात मागे घ्यायचे. "खाली ठेव. हातात दिला की भांडणं होत्यात." मी कट्ट्यावर ठेवायचो, ते उचलायचे, धारेवरून अंगठा फिरवायचे आणि परत खाली ठेवायचे.

दिवाळीच्या आधीच्या महिन्यात नांदेडची पाळी आली तेव्हा मी चाकू बसच्या सीटवर ठेवला आणि त्यांनी तो उचलून बंडीच्या आतल्या खिशात घातला. भावाला फोनवर सांगितलं, काप किती पातळ हवेत ते. "ठीक आहे, नोंद घेतली," तो म्हणाला. मला तेव्हाच त्याची थोडी दया आली होती.

पंधरवड्याने पेपर तपासायच्या कामासाठी नांदेडला जाणं झालं. न कळवता भावाकडे गेलो. वहिनींनी दार उघडलं आणि गॅलरीकडे हात केला. आबा दिसण्याआधी आवाज आला. करकर, करकर. आबा गोदावरीकडे तोंड करून अख्खा पेरू दातांनी तोडत होते. मांडीवर ताटलीत खारे फुटाणे होते.

"कवळी?" मी विचारलं.

"ही काय," त्यांनी सगळे दात दाखवले.

"टोचत नाही?"

"हितं न्हाई टोचत." मग थोडा विचार करून, "लातूरचं पाणी जड हाय."

लातूरच्या पाण्यावर आजवरचे सगळे आरोप ते न आल्याचे आहेत. आल्यानंतरचा हा पहिलाच.

"मग मला सांगायचं होतं, आबा."

"काय सांगू? तू एवढा हौसेनं कापून राहिला. मी दात लावून बसलो असतो तर तू काय करणार होतास?"

"म्हणजे ते काप तुम्ही माझ्यासाठी खात होता?"

"आरं, एवढं पातळ केलं की पेरूला चवच राहत न्हाई, लेका. त्यो वाजाया पायजे."

भाऊ आतून आला. त्याने मला पाणी दिलं, स्वतः खुर्ची घेतली आणि घसा साफ केला. "आबांचा निर्णय झालाय," तो म्हणाला. "ते इथेच राहतील. दिवाळीला सांगणार होतो." त्याच्या आवाजात विजय नव्हता, ते जास्त लागलं.

"दातांचं तुला माहीत होतं?"

"मला वाटलं, तुला माहीत आहे."

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ताटली तेवढी माझ्या बाजूला सरकवली. मी फुटाणे खाल्ले. ते चांगले होते.

परत आल्यावर बागेत गेलो. कट्ट्यावरच्या एका म्हाताऱ्याने आबांची चौकशी केली. ते आता येणार नाहीत म्हटल्यावर तो शेजाऱ्याकडे बघून हसला. "सर, तुमची गाडी कोपऱ्यावरनं वळली की आबा खिशातनं डबी काढायचे. मग आम्ही समदे मिळून शेंगा. लई मजा यायची."

"मला कुणी बोलला नाहीत."

"शपथ घातली होती की! आन् तुमाला कापताना बघूनबी बरं वाटायचं. लई मन लावून कापायचाव."

म्हणजे सकाळच्या त्या बैठकीत सगळ्यांना सगळं माहीत होतं; चाकूची कळ अडकते की नाही हे तपासत बसणारा मी सोडून. एकाच कट्ट्यावर माझ्या खिशात चाकू आणि त्यांच्या खिशात दात.

दिवाळीला नांदेडला गेलो. आबांनी कायमचं घर निवडल्याचं भावाने सर्वांसमोर सांगितलं आणि मी मान हलवली. आमचं भांडण झालं नाही. चाकू रीतसर खाली ठेवून दिलेला होता.

तो नांदेडलाच आहे. वहिनी त्याने दुधाच्या पिशव्या कापतात.