तबकडीला काय ऐकू आलं

टिक्... टिक्... टिक्.

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा गाडी बंद होती. चावी माझ्या खिशात. भर दुपार, खिंडीत चिटपाखरू नाही. आणि समोरच्या पत्र्याआडून कुणीतरी नखानं टिचक्या मारतंय, न थकता, न थांबता. अंगावर काटा म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

चहा घ्या तुम्ही, गार होतोय. मी हळू बोलतो, त्यामुळे माझ्या गोष्टीला वेळ लागतो. पण एवढं आधीच सांगून ठेवतो. मी जन्मभर कमी बोललेला माणूस, आणि माझी सगळ्यात मोठी फजिती झाली ती बोलण्यानंच!

कोकण रेल्वेच्या रुळांचं काम चालू होतं, त्या वर्षांतली गोष्ट. मी पेणच्या मजीदशेटकडे टँकरवर होतो. धाटावच्या कंपनीतून माल भरायचा आणि कोलाड, सुकेळीची खिंड, नागोठणे, वडखळ करत पेणला शेटच्या आवारात यायचं. माल असा, की थेंब हातावर पडला तर कातडी सोलून निघायची. म्हणून मी गाडी सावकाश हाकायचो. बाकीचे हसायचे. म्हणायचे, काशीनाथ टँकर नाही चालवत, पालखी नेतो.

त्या वर्षी शेटचा पुतण्या इरफान कुवेतहून परत आला. तिथं एका कंपनीच्या गाड्यांवर तो देखरेखीला होता. चांगला पोरगा, आम्हा म्हाताऱ्या ड्रायव्हरांना चाचा म्हणायचा. त्यानं शेटच्या सगळ्या टँकरांना एक नवीन यंत्र बसवलं. दिसायला घड्याळासारखं. स्पीडचा काटा होता तिथंच बसायचं, आणि त्याच्या झाकणाला कुलूप.

आम्हाला रांगेत उभं करून इरफान म्हणाला, "आजपासून गाडी बोलणार! तुम्ही कुठे काय करता, सगळं ह्या तबकडीवर येणार. संध्याकाळी मी ती काढणार आणि शेटला सगळं कळणार."

आणि त्यानं झाकण उघडून ती तबकडी दाखवली.

आता तुम्हीच सांगा. गोल तबकडी. तिच्यावर बारीक बारीक गोल रेघा. मधे भोक. वर टेकलेली सुई. तुम्ही काय समजला असता?

मी लहान असताना हमरापूरला मामाच्या लग्नात फोनो आला होता. तीच तबकडी, तीच सुई. भोंग्यातून बाई गात होती आणि बाई तर कुठे दिसत नव्हती! मी भोंग्यात खांद्यापर्यंत हात घालून तिला शोधली होती. मामानं कान पिरगाळला म्हणून हात निघाला. त्यामुळे तबकडी आणि सुई म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. शाळा दुसरीपर्यंतच झाली होती, पण फोनो मी आतून पाहिला होता!

तरी थोडी शंका होती. ती रघूनं घालवली. रघू म्हणजे आमच्यातला तरणा ड्रायव्हर. इरफाननं त्याला फाटकाशीच धरला.

"रघू, काल नागोठण्याच्या पुढे गाडी पिसाटासारखी पळवलीस. आणि वडखळला इंजिन चालू ठेवून झोपलास. डिझेल काय पाण्याचं येतं?"

रघूचं तोंड उघडंच राहिलं. "झोपलो ते कोनी सांगितलं?"

"गाडीनं."

इरफान गेला. रघू माझ्याकडे वळला. "काशीदादा, पलवली ते ठीक हाय. पन झोपलो ते गाडीला कसं कळलं?"

मी शांतपणे म्हणालो, "तू घोरतोस ना रे. ते गेलं तबकडीत."

झालं! दुसऱ्या दिवशी सगळ्या ड्रायव्हरांची तोंडं बंद. रघू रस्त्यावर ज्याला त्याला आयमाय काढायचा, तो आता गाडीत बसून "आमचा शेट म्हणजे देवमाणूस" असं खणखणीत आवाजात म्हणायला लागला. सुईला नीट ऐकू जावं म्हणून वाकून म्हणायचा! आणि शिव्या गेल्या तशी घाईपण गेली. डिझेल कमी लागायला लागलं, ब्रेकचे लायनर जास्त टिकले. शेट खूश. म्हणायचा, काय मशीन आहे! अहो, मशीन कसलं? भीती!

पण खरी अडचण झाली ती माझी.

माझी बायको पारू त्याच्या तीन वर्षं आधी काविळीनं गेली. मुलगी सासरी. घरी मी एकटा, आणि घरात मी बोलायचो नाही. पण गाडीत बोलायचो. पारूशी. वेड म्हणू नका हो, सवय. धाटाव सोडलं की सुरू. आज भात कच्चा राहिला, मुलीचा निरोप आला, गुडघा दुखतोय. सुकेळीच्या खिंडीत एका जांभळीखाली दुपारची भाकरी खायचो, एक घास तिच्या नावानं दगडावर ठेवायचो. कावळा यायचा. तेवढ्यावर माझं चाललं होतं.

आता ते सगळं शेटच्या टेबलावर वाजणार? मी गप्प झालो.

गप्प झालो आणि ती टिकटिक ऐकू यायला लागली. आधीही होती, पण बोलण्यात कळायची नाही. इंजिन बंद केलं की सुरू. टिक्, टिक्. कुणीतरी कान लावून बसलंय आणि मी कधी तोंड उघडतो याची वाट बघतंय, असं वाटायचं. मान वळवून शेजारच्या सीटकडे बघायचो. सीट रिकामी. पण रिकामी सीट जशी दिसते तशी दिसायची नाही. मधोमध जरा दबल्यासारखी.

आणि त्याच दिवसांत मला पारूला एक गोष्ट विचारायची होती. टाळता येईना.

शेटच्या फाटकाशी हिराबायची चहाची टपरी होती. मिठागराकडच्या गावातली बाई, नवरा केव्हाच गेलेला. अंगानं काटक. आणि तोंड? बंद गाडी त्या तोंडाच्या धाकानं चालू व्हावी!

"काय रं काशीनाथ, आजपन तोंड घरी ठेवून आलास?"

"नाय. आणलंय."

"आणलंयस त मंग वापर की! का शेटनं त्यालापन कुलूप लावलाय?"

सगळी पोरं हसायची. मी चहा प्यायचो. माझ्या चहात साखर जास्त असायची. मी मागितली नव्हती कधी. रघूनं एकदा मागितली तर म्हणाली, "साखर काय तुझ्या बापाच्या मिठागरात पिकते?"

मला कळत होतं. वय झालं म्हणून कळायचं थांबत नाही. हिराबायला विचारावं असं मनात येत होतं. पण पारूला न विचारता कसं विचारू? इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला न विचारता एक टोपलीसुद्धा घरात आणली नव्हती.

शेवटी एका दुपारी, खिंडीत, ठरवलं. खांद्यावरचा पंचा काढला आणि यंत्रावर घट्ट गुंडाळला. वरून माझी टोपी घातली. मग तोंड खिडकीबाहेर काढून अगदी कुजबुजत म्हणालो, "पारू, हिराबाय चांगली हाय. तुझी हरकत नसंल तर इचारू काय तिला?"

वारा नव्हता. जांभळीचं पान हलत नव्हतं. पंचाखालून टिक्, टिक् येत होतं.

आणि ते थांबलं.

एक श्वास. दोन श्वास. तेवढ्यात काहीच नाही. कावळा दगडावर होता, तोही चोच उघडी ठेवून तसाच. मग खट्! असा एक आवाज यंत्रातून आला, जसं कुणी दाताखाली सुपारी फोडली. पारू सुपारी खायची हो.

आणि टिकटिक पुन्हा सुरू.

मी भाकरी तिथंच टाकली. पेणपर्यंत गाडी कशी आणली मला ठाऊक नाही. शेजारच्या सीटकडे एकदाही बघितलं नाही. कुणी बसलं असलं तरी बसू दे म्हटलं, पण मी बघणार नाही!

आवारात आलो, इरफाननं तबकडी काढली. उजेडात धरली, भुवई चढली. "चाचा, आत या. शेट बोलवतोय."

आत मजीदशेट खुर्चीत, समोर माझ्या आठवडाभराच्या तबकड्या मांडलेल्या. म्हणजे सगळं ऐकलं होतं तर!

"चाचा," इरफान म्हणाला, "आज खिंडीत काय झालं?"

"काय नाय."

"काय नाही कसं? हे बघा. गाडी उभी, इंजिन बंद. आणि इथे सुईनं उडी मारलीय. उभ्या गाडीत सुई हलत नाही. मी कुवेतला इतक्या तबकड्या काढल्या, असं कधी बघितलं नाही."

मी पुढं वाकलो. "म्हणजे... आलंय त्याच्यात?"

"आलंय ना. हे काय स्वच्छ."

"मंग ऐकव ना रे बाबा!" माझे हात आपोआप जोडले गेले. "व्हय म्हणाली का नाय म्हणाली?"

"कोण?"

"पारू."

शेट पान लावत होता. त्याचा हात चुन्याच्या डबीतच राहिला. "कोण पारू? तुझी बायको? अरे, ती तर..."

"व्हय शेट. तिलाच इचारलं मी."

"या अल्ला!" शेटनं खुर्ची मागं सरकवली. "काशीनाथ, माझ्या गाडीत तुझ्याबरोबर कोण बसतं?"

"कोणी नाय शेट. मी आणि ती."

शेट इरफानकडे बघतो, इरफान तबकडीकडे बघतो. त्यानं ती हळूच टेबलावर ठेवली आणि बोटं सदऱ्याला पुसली.

"आणि... विचारलंस काय?" शेट अगदी खालच्या आवाजात म्हणाला.

मी कसला थांबतोय! त्यांनी ऐकलंच आहे, मग लपवायचं काय? वर्षानुवर्षं साठलेलं सगळं बाहेर पडलं. "हिराबायशी लगीन करू काय म्हणून. तोंडानं तिखट हाय, पण माझ्या चहात साखर जास्त घालते, ते काय मला कळत नाय? माझ्या घरात शेट, मांजरानं भांडं पाडलं तरी बरं वाटतं. कोणीतरी हाय असं वाटतं. हिराबाय आली तर दिवसभर आवाज राहील घरात. ती भांडली तरी चालंल. पण पारू नाय म्हणाली असंल तर नाय. तेवढं एकदा वाजवा, मी जातो."

शेटनं चुन्याची डबी बंद केली.

मग इरफान हळूच म्हणाला, "चाचा, ह्याच्यात आवाज नसतो."

"हां?"

"ही बहिरी आहे. चाकं किती जोरात फिरली, कधी थांबली, इंजिन चालू होतं का बंद, एवढंच लिहिते. दुसरं काही नाही."

"मंग रघूचं घोरणं?"

"कुठलं घोरणं?"

मी टेबलाचा कोपरा धरला. शेट म्हणाला, "काशीनाथ, अरे, तुला शाबासकी द्यायला बोलावला होता मी. तुझी रेघ सगळ्यांत सरळ. नवीन गाडी तुला देणार होतो."

कळलं का तुम्हाला? तबकडी बहिरी होती. वाजलो तो मी! पुढची बाजू, मागची बाजू, सगळी!

शेटच्या ओठावर हसू यायला लागलं होतं, आणि ते अर्ध्यावरच थांबलं. तो माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होता. मी वळलो.

दारात हिराबाय. एका हातात किटली, दुसऱ्या हातात ग्लास.

"हिराबाय," शेट खाकरला, "कधी आलीस तू?"

तिनं ग्लास मांडले. शेटला चहा ओतला, इरफानला ओतला, मला ओतला. एक थेंब सांडला नाही. माझ्याकडे बघितलं नाही. मग किटली खाली ठेवली, पदर ओढून डोक्यावर घेतला, नीट कानामागे खोचला, किटली उचलली आणि बाहेर पडली. इतक्या वर्षांत तिच्या डोक्यावर पदर मी कधी बघितला नव्हता. शेटसमोरही नाही, पोलिसासमोरही नाही.

आता माझी अक्कल बघा. मी इरफानला विचारतो, "बाहेर ऊन लय हाय काय रे?"

"नाही चाचा," तो म्हणाला. "केव्हाच सावली आली."

मी दारापर्यंत गेलो. हाक मारायला तोंड उघडलं, पण जेवढं होतं तेवढं सगळं आत बोलून झालं होतं. रघू तिला म्हणाला, "हिराबाय, अर्धा चाय दे गो." ती त्याच्यावरही खेकसली नाही. सावलीतून, टँकरांच्या मधून, डोक्यावरचा पदर एका हातानं धरून, ती फाटकाकडे चालत गेली.